साडेतीन तासांचं विमान

डिसेंबरातली सकाळ. माझ्या तिकीट बुकिंगच्या ऑफिसचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात कागलकडचे एक काका वाकून आत आले. मोबाइल माझ्यासमोर धरला. "हे बघा की. कोल्हापूर ते दिब्रुगड 2450 किलोमीटर, साडेतीन तास दावतंय. पुतण्या तिकडं मिलिटरीत हाय. पहाटे त्याची आई गेली. बाराला बसला तर साडेतीनला उतरंल. पाचला उचलायचं म्हणून गावात सांगून आलोय."

आकडा खोटा नव्हता, हीच पंचाईत. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून दिब्रुगडच्या मोहनबारी विमानतळापर्यंत पृथ्वीच्या गोलाईवरून दोरी ताणली, तर ती गडचिरोलीवरून, पुढं बांगलादेशावरून जाते आणि तेवढीच भरते. ताशी आठशेनं तीन तास, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा. असं गणित मांडणारी साइट मधे विमान आहे का, हे बघतच नाही. थेट विमान नव्हतं. हैदराबादहून आमच्याकडं येणारं पंख्याचं छोटं एटीआर विमान तर एवढ्या लांब एका दमात जाणारही नाही.

दिब्रुगड-कोलकाता साडेआठशे, कोलकाता-हैदराबाद बाराशे, हैदराबाद-कोल्हापूर साडेचारशे. बेरीज 2500. सरळ रेषेपेक्षा जेमतेम पन्नास जास्त! हवेतले तासही पाचच. पण कोल्हापूरचं विमान दुसऱ्या दिवशी. म्हणजे पोराला रात्रभर हैदराबादला बसवायचं.

"मग हे साडेतीन तास कुणासाठी लिवलंय?" काकांनी विचारलं. मी कीबोर्डकडं बघत राहिलो.

शेवटी कोल्हापूरचा विमानतळच सोडून दिला. दुपारी पावणेदोनला दिब्रुगडहून निघायचं, कोलकात्याहून सव्वासातला पुण्याचं विमान, तिथून गाडी. कोलकात्यात आधीचंही एक विमान होतं, पण दीड तासाच्या अंतरानं आणि वेगळ्या कंपनीचं. अशा दोन सुट्या तिकिटांत पहिलं लेट झालं, तर दुसरी कंपनी थांबत नाही. मी चार तासांचं अंतर ठेवलं. काकांना ते पटलं नाही. "फुकट बसून ऱ्हाणार पोरगं," म्हणाले. पोराला फोनवर बजावलं, पाठीवरची बॅग तेवढी घे, काउंटरवर सामान टाकू नकोस. वेब चेक-इन मीच केलं. काकांनी गावाला फोन लावून बर्फ मागवायला सांगितलं.

साडेचारला पोराचा फोन. "साहेब, इथं दिवस मावळला. विमान अजून हललं नाही." माझ्या खिडकीत चांगलं ऊन होतं. घड्याळ एकच, पण त्याचा सूर्य दीड तास पुढं, असं एरवी मी कौतुकानं सांगतो. त्या दिवशी पोटात गोळा आला.

सव्वासहाला तो कोलकात्यात उतरला. दीड तासवालं विमान केव्हाच गेलं होतं. सामानाच्या पट्ट्यापाशी थांबायचं नव्हतं म्हणून पुढचं गाठलं. पुण्याला सव्वादहा, हिवाळ्यात पश्चिमेला येताना वारा समोरून असतो, ती मिनिटं वेळापत्रकात आधीच धरलेली असतात. पुढं खंबाटकी, सातारा, कराड. मी घरी जागाच होतो.

तीन वाजून दहा मिनिटांनी काकांचा फोन आला. "पोचला," एवढंच म्हणाले आणि फोन तसाच चालू राहिला. मागून बायकांचा आवाज येत होता. मग मीच ठेवला.