पुरात म्हैस गेली, तर पहिल्या दिवशीच काय करायचं

उल्हास किंवा काळू फुगली की कल्याण, अंबरनाथ, मुरबाडच्या नदीकाठच्या गोठ्यांत पाणी शिरतं. पाणी ओसरल्यावर मेलेलं जनावर लगेच पुरायची घाई होते. वास सुटतो, शेजारी ओरडतात, घाई समजण्यासारखी आहे. पण पंचनाम्याआधी पुरलेल्या जनावराच्या सरकारी मदतीचे पैसे मिळवणं फार कठीण.

आधी तलाठ्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. नुसत्या फोनवर थांबू नका, व्हॉट्सअॅपवर फोटोही टाका, म्हणजे तारीख-वेळेचा पुरावा राहतो. एका फोटोत कानातला बिल्ला आणि त्यावरचा बारा आकडी नंबर वाचता यावा, दुसऱ्यात जनावर आणि गोठा एकत्र दिसावा. शवविच्छेदन पशुधन विकास अधिकारी करतात. अहवालात मृत्यूचं कारण पूर, वीज असं स्पष्ट हवं. नुसतं ‘आजारपण’ लिहिलं गेलं तर आपत्तीच्या मदतीत ते बसत नाही. हे सगळं झाल्यावरच खोल खड्डा घेऊन चुना टाकून पुरा. जनावर वाहूनच गेलं असेल तर शवविच्छेदन होत नाही. तिथे पंचांचे जबाब आणि बिल्ल्याची नोंद यांवरच भिस्त.

खरी गोम बिल्ल्यात आहे. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराला नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्यप्राण्याचा हल्ला यांची भरपाई नाही. भिवंडी-कल्याणकडच्या तबेल्यांत म्हशी गुजरात-हरियाणातून येतात, बिल्ला असतो, पण ‘भारत पशुधन’ या सरकारी ऑनलाइन नोंदीत मालक जुनाच. विकत घेतल्या आठवड्यात दवाखान्यात जाऊन नाव बदलून घ्या. नंतर ‘म्हैस कोणाची’ या एका प्रश्नावर कागद अडकतो.

२०२२-२६ च्या केंद्रीय निकषांतले मदतीचे दर: दुधाळ गाय-म्हैस ३७,५०० रुपये, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००, कोंबडी १००. मूळ निकषांत कुटुंबामागे मोठी दुधाळ जनावरं तीनच, शेळ्या-मेंढ्या तीस, कोंबड्यांचे जास्तीत जास्त १०,००० रुपये. चांगल्या मुऱ्हा म्हशीच्या किमतीपुढे ३७,५०० म्हणजे निम्मेही नाहीत. तबेलेवाल्यांनी विमा वेगळा उतरवलेला बरा.

बिबट्याने मारलं तर दार वेगळं: वनविभाग. ४८ तासांत कळवा आणि कलेवर जागचं हलवू नका. बर्ड फ्लूत सरकारने मारलेल्या कोंबड्यांचेच पैसे मिळतात, आधी मेलेल्यांचे नाहीत. म्हणून मर दिसताच कळवणाऱ्याचा फायदा, लपवणाऱ्याचा तोटा.

मदतीच्या यादीत नाव आलं की तलाठ्याकडून आपला विशिष्ट क्रमांक घ्या आणि सेतू केंद्रात आधारचा अंगठा देऊन ई-केवायसी (ओळखीची पडताळणी) करा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात. दोन-तीन खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात. ‘आले नाहीत’ म्हणून तहसीलला खेटे घालण्याआधी ते जुनं, विसरलेलं पासबुक एकदा भरून बघा.