तुम्ही विचारलेत म्हणून: पळायचे की आभाळ बघत बसायचे?

टेकडीवर रोज भेटणारे काका, कचेरीतले सहकारी आणि आमच्या रविवारच्या गटात नव्याने येणारा प्रत्येक जण केव्हा ना केव्हा मला हेच विचारतो: पळायला निघण्याआधी एवढे हवामान कशाला बघता? पाऊस आला तर भिजाल, विरघळणार तर नाही ना? वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद तर मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यावर हसण्याचे सौजन्यही आता माझ्यात उरलेले नाही. म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

पावसाला मी घाबरत नाही. माझे लांब पल्ले बहुतेक जुलै-ऑगस्टमधलेच असतात आणि ते भिजतच पुरे होतात. ‘पुण्याला ऑरेंज अलर्ट’ असा निरोप गटात फिरू लागला की मी आधी तो घाटमाथ्यासाठी आहे की शहरासाठी, हे बघते. कारण ताम्हिणी घाटात कोसळणाऱ्या पावसाची शहरात डेक्कनवर पुष्कळदा नुसती भुरभुर उरते. अशा दिवशी घरी बसता ते तुम्ही. मला धास्ती आहे ती एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमधल्या दुपारनंतरच्या ढगांची, आणि ती धास्ती कोठून आली हे तुमच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आली होती. एकोणीस वर्षांची, नुकतीच पळू लागलेली. एका शनिवारी संध्याकाळी मी तिला वेताळ टेकडीवर नेले. सकाळच्या अंदाजात दुपारनंतर तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता दिली होती आणि मोबाइलवर तीस टक्के असा आकडा दिसत होता. ताईने दारातच विचारले, ‘‘आभाळ भरून येतंय, जायलाच हवं का?’’ मी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, ‘‘तीस टक्के म्हणजे नाहीच गं.’’

वर पोचलो तेव्हा हडपसरच्या अंगाला आभाळ काळे झाले होते आणि वारा पडला होता. वीज चमकली. भाचीने गंमत म्हणून आकडे मोजायला सुरुवात केली आणि बाराला गडगडाट ऐकू आला. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज चार किलोमीटरवर होती; आणि वीज व गडगडाट यांतले अंतर तीस सेकंदांच्या आत आले तर माणसाने पक्क्या छपराखाली असावे, हा नियम मी वाचलेला होता. तरीही परतले नाही. कारण सांगायला आजही लाज वाटते: घड्याळात सहा किलोमीटर दोनशे मीटर झाले होते आणि मला आठ पुरे करायचे होते. ‘‘खाणीपर्यंत जाऊ आणि वळू,’’ असे मी म्हणाले. ती लहान होती, मावशीवर विश्वास ठेवून आली.

खाणीपाशी पोचण्याआधीच धुळीचा लोट उठला आणि पाठोपाठ गारा सुरू झाल्या. आम्ही उतरणीकडे धावत सुटलो. मग प्रकाश आणि आवाज एकाच क्षणी आले, मध्ये मोजायला काही उरलेच नाही, आणि दचकून भाचीचा पाय सुट्या मुरुमावरून घसरला. घोटा मोडला होता, हे नंतर कळले. त्या वेळी एवढेच कळत होते की तिला उभे राहता येत नाही, झाडाखाली जायचे नाही आणि जवळ दुसरा आडोसा नाही. एका खोलगट जागेत मी तिला जवळ घेऊन उकिडवी बसले. वीसेक मिनिटे असू. ती रडत नव्हती, दर विजेनंतर न चुकता आकडे मोजत होती. पुढे फिरायला आलेल्या दोघांनी तिला उचलून खाली आणले. सहा आठवडे प्लास्टर. ताई मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर मी वाचायला बसले. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव ठिकाणी पाऊस. कोणत्या, ते सांगितलेले नसते. तीस टक्के म्हणजे अशा दहा दिवसांपैकी सुमारे तीन दिवस पाऊस, थोडा पाऊस नव्हे. वळवाचा ढग काही किलोमीटरांचा असतो आणि तास-दीड तासात संपतो, त्यामुळे तो कोणत्या टेकडीवर फुटेल हे सकाळी कोणालाही सांगता येत नाही. म्हणून त्या महिन्यांत मी सूर्योदयाला पळते, आणि संध्याकाळी निघायचेच असेल तर वेधशाळेचा तीन तासांपुरता इशारा, रडारचे चित्र आणि जवळपासच्या विजांची सूचना देणारे ‘दामिनी’ ॲप बघते. ते ॲप काढणारी संस्था पाषाणला, त्याच टेकडीच्या अल्याड आहे, हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हते.

पण खरे सांगायचे तर हे उत्तर माझे मलाच पुरेसे वाटत नाही. तेव्हाची मी आजच्या मला विचारते: अंदाज तर तू त्या दिवशीही बघितला होतास आणि काळे आभाळही समोर होते, मग आणखी तीन पडदे बघून काय होणार? जायचे ठरले होते म्हणून तीस टक्के तुला कमी वाटले. आता मनातून जायचे नसते म्हणून तेच तीस जास्त वाटतात. मी तिला सांगते की आता मी एकटी नसते, गटातली दहा माणसे माझ्या निरोपाची वाट बघतात. ती म्हणते, त्या दिवशीही तू एकटी नव्हतीस.

गेल्या मे महिन्यात मी अकरा संध्याकाळी टेकडी टाळली आणि वहीत नोंद ठेवली. तीन दिवस पाऊस आला, त्यांपैकी एकदा विजांसह. उरलेल्या आठ संध्याकाळी लख्ख कोरड्या गेल्या. भाचीला वही दाखवली, तर तिने आठावर बोट ठेवले आणि म्हणाली, ‘‘मावशी, ह्यातल्या निम्म्या दिवशी तरी मला बोलवायचं होतंस.’’