आमची वाटचाल : अक्षरं पडद्यावर यावीत कशी?

आमचा स्टुडिओ लहान आहे. लिहिणारे, चित्रं काढणारे आणि कोड सांभाळणारे असे सगळे मिळून एका टेबलाभोवती मावतो. व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं आणि संगीताच्या साथीनं पडद्यावर वाचायच्या खेळवजा कथा, करायच्या, एवढ्याच हौसेनं आम्ही एकत्र आलो. आज निम्म्याहून जास्त काम एकाच प्रश्नाचं असतं: मजकूर पडद्यावर दिसावा कसा? स्टुडिओ काढताना हा प्रश्न कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. कथा, पात्रं, पार्श्वचित्रं, संगीत यांवर रात्र रात्र वाद झाले आणि टेक्स्ट बॉक्स, म्हणजे मजकुराचा चौकोन, मात्र इंजिनानं (खेळ ज्यावर उभा राहतो त्या तयार सॉफ्टवेअरनं) दिला तसाच ठेवायचा, असं न बोलताच ठरलं होतं.

वाचकांनी ते बदलायला लावलं. पहिली कथा बाहेर पडल्यावर कथेबद्दल जेवढी पत्रं आली, जवळजवळ तेवढीच अक्षरांबद्दल आली. एकाला अक्षरं टकटक करत एकेक उमटलेली हवीत, त्याशिवाय पात्र बोलतंय असं वाटतच नाही. दुसऱ्याला त्याच प्रकाराचा वीट येतो. ओळ एका दमात समोर यावी, मी माझ्या वेगानं वाचेन. कुणाला बॉक्स गडद हवा, कुणाला चित्र झाकलं जातं म्हणून जवळजवळ पारदर्शक. आणि दोन्ही बाजूंना आपलंच म्हणणं इतकं उघड वाटतं की दुसरं कुणी वेगळं मागत असेल यावर विश्वास बसत नाही.

विचार केला तर यात नवल नाही. या माध्यमात चित्र बराच वेळ तेच राहतं, संगीत घोळत राहतं. हलतात ती अक्षरं. वाचक तासन्‌तास तोच चौकोन बघतो.

आम्ही रेनपाय वापरतो. २००४पासून चालत आलेलं, फुकट मिळणारं, पायथनवरचं इंजिन. मजकुराचा वेग, क्लिक न करता मजकूर आपोआप पुढे नेणारा ऑटो मोड, वाचलेलं भराभर मागे टाकणारं स्किप, चाक फिरवून मागे जायची सोय, एवढं त्यात आयतंच मिळतं. वेगाच्या पट्टीचं उजवं टोक म्हणजे ‘लगेच’. ते टोक आम्ही ठळक लिहितो, कारण पट्टी शेवटपर्यंत ओढल्यावर अक्षरं उमटणं पूर्ण बंद होतं हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. पट्टीखाली एक नमुन्याचं वाक्य ठेवलंय. पट्टी हलवली की ते नव्या वेगानं पुन्हा उमटतं. वाक्य मुद्दाम लांब आणि कंटाळवाणं आहे. छोट्या वाक्यावर कुठलाही वेग बराच वाटतो.

मजकुराची जागा हा याहून अवघड मामला. खाली बॉक्स आणि त्यात दोन-तीन ओळी, ही एडीव्ही पद्धत. पडदाभर मजकूर आणि मागे अंधुक चित्र, ही एनव्हीएल. दुसरीही काही आजची नाही. १९९२ साली चुनसॉफ्ट या जपानी कंपनीनं सुपर फॅमिकॉम या गेम-यंत्रावर आणलेल्या ‘ओतोगिरिसो’ या खेळात मजकूर असाच चित्रावर पसरलेला होता. सेटिंगमध्ये एक बटण द्या, ज्याला जी पद्धत हवी ती तो घेईल, ही मागणी आमच्याकडे सतत येते. ती आम्ही मान्य करत नाही. बॉक्ससाठी लिहिताना प्रत्येक तुकडा एका क्लिकवर संपतो, शेवटच्या शब्दावर वजन येतं, वक्त्याचा चेहरा समोर असतो, त्यामुळे ‘तो चिडून म्हणाला’ लिहावं लागत नाही. पडदाभर लिहिताना निवेदन लांबतं, आधीचं वाक्य डोळ्यांसमोर असतं, परिच्छेद कुठे पुसायचा याचा हिशेब असतो. एकासाठी लिहिलेलं दुसऱ्यात ओतलं की बॉक्समध्ये परिच्छेदाचे लचके तुटतात, नाहीतर पडदाभर तुटक संवादांची यादी लागते. ही निवड लेखकाची. बॉक्सची गडदता, अक्षरांचा आकार, फॉन्ट आणि वेग मात्र वाचकाचे. चित्रकारांनी गडदतेवरून बरीच कुरकुर केली. एक कळ दाबली की बॉक्स नाहीसा होतो आणि चित्र पूर्ण दिसतं, हे दाखवल्यावर ती थांबली.

खरा घाम काढला तो देवनागरीनं. अक्षर एकेक उमटवायचं म्हणजे नेमकं काय उमटवायचं? ‘किल्ली’ घ्या. संगणकाच्या लेखी ती क, वेलांटी, ल, हलन्त, ल, वेलांटी अशी सहा चिन्हं. तशीच एकेक टाकली तर आधी ‘क’ दिसतो, मग पहिली वेलांटी त्याच्या डावीकडे घुसते आणि ‘क’ उजवीकडे सरकतो. पुढे ‘किल’, मग पाय मोडलेला ‘किल्’, मग एकदम जोडाक्षर. शब्द लिहिला जात नाही, थरथरतो. उलट, ओळ आधी पूर्ण मांडून ठेवली आणि डावीकडून एकेक आकार उघडला, तर ऱ्हस्व वेलांटी आधी एकटीच लटकते आणि ‘क’ मागून येतो. दोन्ही वाईट. आम्ही ओळ आधी मांडतो आणि पूर्ण अक्षरांच्या गटांनी उघडतो: कि, मग ल्ली. जोडाक्षर फोडायचं नाही, हा नियम युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या प्रमाणाच्या, गट पाडण्याच्या पद्धतीत देवनागरीसाठी २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याच वर्षी रेनपायच्या ८.१ आवृत्तीत हार्फबझ हे अक्षरांची जुळणी करणारं सॉफ्टवेअर आलं आणि जोडाक्षरं नीट जुळू लागली. त्याआधी अशा लिपीत या इंजिनावर काम करायचं म्हणजे नाना खटपटी होत्या. त्या आठवायलाही नकोत.

बाकीच्या खुब्या लहान, पण डोळ्यांना जाणवणाऱ्या. अक्षरांतलं अंतर जरा वाढवलं की शिरोरेषा तुटते, म्हणून ती सोय आम्ही देतच नाही. ओळींमधलं अंतर देतो, कारण वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार असताना ओळी एकमेकींना भिडतात. पात्राच्या मनातले विचार तिरक्या अक्षरांत द्यायची रोमन लिपीतली सवय देवनागरीत बेढब दिसते. आम्ही रंग किंचित बदलतो. मात्र रंग बदलताना पार्श्वभूमीशी उजळपणाचा किमान ४.५ला १ एवढा फरक राखतो. डब्ल्यूसीएजी या, वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून केलेल्या नियमावलीतलं हे प्रमाण वेबपानांसाठी ठरलेलं असलं, तरी डोळे तेच असतात.

विरामांचा वाद अजून मिटलेला नाही. लेखकांना वाक्याच्या मधेच दीड सेकंद शांतता हवी असते. ज्यानं ‘लगेच’ निवडलंय त्याला तीच शांतता खेळ अडकल्यासारखी वाटते. आमच्याकडे आता घड्याळी विराम नाही. विराम हवा तिथे क्लिकची वाट बघायची. वाचक हवं तर थांबतो, नाहीतर पुढे जातो. आमच्या एका लेखिकेला हे अजिबात पटलेलं नाही, आणि तिची कथा वाचताना कधीकधी तिचंच बरोबर वाटतं.

या सगळ्या उचापतींतून धंद्याला वळण लागलं. आमचा मजकुराचा पडदा पाहून इतर कथाकार विचारू लागले, आमच्या खेळालाही असं करून द्याल का? आता वर्षाचा बराच खर्च त्या कामांतून निघतो आणि स्वतःच्या कथा सावकाश लिहिता येतात. ग्राहकाला पहिला प्रश्न आम्ही फोनचा विचारतो. मोठ्या पडद्यावर तीन ओळींत बसणारा संवाद फोनवर, अक्षरं वाचण्याजोगी ठेवली तर, पाच ओळी घेतो आणि पात्राच्या हनुवटीपर्यंत चढतो. मग चित्रकाराला पात्रं वर उचलावी लागतात. हे आधी ठरलं तर स्वस्तात होतं, मागून ठरलं तर सगळी चित्रं पुन्हा हातात घ्यावी लागतात.

सध्या हातात आहे ते मजकूर वाचून दाखवण्याचं काम. रेनपायमध्ये व्ही कळीनं आवाज सुरू होतो. पण पडदा न बघणाऱ्याला पात्राचं नाव प्रत्येक ओळीआधी ऐकायचंय की फक्त वक्ता बदलल्यावर, यावर परीक्षक वाचकांचं एकमत नाही. तिथेही सेटिंगच द्यावी लागेल असं दिसतंय.