ग्लासातलं शिवार

दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही फ्रान्समधल्या बोन गावातल्या एका छोट्या खानावळीच्या दारात उभ्या होतो. दारातल्या बाईंनी आधी आमच्याकडून 'बोंझूर' वसूल केलं, मग घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्या चार बॅगांकडे, आणि मान हलवली. स्वयंपाकघर बंद, सात वाजता या. आत निम्मी टेबलं भरलेली होती, एक आजोबा चीजपर्यंत पोचले होते, पण नाही म्हणजे नाही. एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांवर आपण पुण्यात उगाच विनोद करतो, असं मला तेव्हा मनापासून वाटलं. शेवटी बेकरीतून दोन बागेत, म्हणजे लांबुडके फ्रेंच पाव, आणि बाजारातून जर्दाळू घेऊन प्लास कार्नो नावाच्या चौकातल्या बाकावर बसलो. त्या उन्हात, त्या भुकेला, तो पाव असा काही लागला की बाईंवरचा राग तिथेच विरघळला.

आम्ही चौघी पस्तीस वर्षांपूर्वी एका हॉस्टेलवर एका स्टोव्हच्या भागीदार होतो. त्यातल्या एकीला आम्ही टाइमटेबल म्हणतो. तिने कॉलेजात असताना फ्रेंचच्या दोन परीक्षा दिल्या होत्या आणि त्याची फी या प्रवासात व्याजासकट वसूल करायची होती. दुसरी शुद्ध शाकाहारी, म्हणजे अंडंही नाही. तिसरी निफाडची. सात एकर द्राक्षबागेचा कारभार गेली अठरा वर्षं तीच बघते, म्हणून ती बागवाली. एप्रिलची खरड छाटणी उरकून, जूनमध्ये बाग दिराच्या भरवशावर सोडून ती आयुष्यात पहिल्यांदा दहा दिवसांच्या सुट्टीवर निघाली होती. चौथी मी. फोटो काढणे आणि हिशेब ठेवणे, ही माझी खाती.

फ्रान्स म्हणजे आयफेल टॉवर, असं माझं मत होतं. बर्गंडी, म्हणजे तिथला वाइनचा प्रांत, टाइमटेबलने निवडला. पॅरिसहून दिजाँपर्यंत वेगवान गाडीने दीडेक तास आणि तिथून पुढे बोन. पहिल्या संध्याकाळी ओतेल-द्यू पाहिलं. 1443 साली बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सलर निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन यांनी गरिबांसाठी बांधलेलं हे इस्पितळ. छपरावर लाल, तपकिरी, पिवळ्या, हिरव्या कौलांची नक्षी, पैठणीच्या पदरासारखी. आत लांबलचक दालनात दोन्ही भिंतींना लाल पडद्यांचे पलंग. इथे 1971 पर्यंत खरेखुरे रुग्ण होते. इतक्यांना गरीब केलं, आता त्यांच्यासाठी इस्पितळ बांधायलाच हवं होतं, असा रोलँवरचा टोमणा अकराव्या लुई राजाच्या नावावर सांगतात. पुण्य लागावं म्हणून लोकांनी शतकानुशतकं या इस्पितळाला द्राक्षमळे दान केले. आज ते साठेक हेक्टर आहेत आणि 1859 पासून दर नोव्हेंबरात तिथल्या वाइनचा लिलाव होतो. बागवालीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे देवस्थानाची इनाम जमीन."

रात्री मात्र सातला पाच मिनिटं असतानाच आम्ही टेबलावर हजर. सुरुवातीला कीर आला. आलिगोते ही इथली साधी, आंबटसर पांढरी वाइन आणि त्यात काळ्या करवंदासारख्या दिसणाऱ्या कासिस फळाचं गोड मद्य. दिजाँचे महापौर फेलिक्स कीर, जे पाद्रीही होते, ते पाहुण्यांना हे पाजायचे म्हणून त्याला त्यांचंच नाव पडलं. पाद्री दारूचा प्रचार करतो आणि लोक त्याला निवडून देत राहतात, हे ऐकून शाकाहारी हसली. हसता हसता तिने समोरचे चीजचे कुरकुरीत गोळे एकामागून एक सहा खाल्ले. गुजेर म्हणतात त्यांना. सातवा हातात असताना टाइमटेबलला परीक्षेतला एक शब्द आठवला: अंडं. क्षणभर टेबलावर सुतक पसरलं. "सहा झालेत ना? मग हा सातवा कशाला सोडू?" असं म्हणून तिने तोही संपवला. प्रायश्चित्त म्हणून पुढचे चार दिवस बकरीच्या चीजचं सॅलड खाल्लं.

मी रेड वाइनच्या रश्शात सोडलेली अंडी मागवली होती. रस्सा दाट, काळपट जांभळा, त्यात खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे. दिसायला काळ्या वाटणाच्या आमटीचा थोरला भाऊ. शेजारच्या टेबलावरचा सुटाबुटातला गृहस्थ पावाच्या तुकड्याने ताटली पुसून चाटून लख्ख करत होता. पावाला वेगळी ताटली नाही, तो सरळ टेबलक्लॉथवर. मग मीही लाज सोडली. लहानपणी पोळीने ताट निपटून खाल्लं की आजी म्हणायची, ताट धुवायचं काम वाचवलंस.

पण सहल खरी सुरू झाली ती दुसऱ्या दिवशी, मळ्यांतून. बोनहून पोमार, व्होल्ने, म्यूर्सो असा सायकलींचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना नुसती द्राक्षं. ई-सायकली घेतल्या. टाइमटेबलप्रमाणे दुपारपर्यंत चार गावं व्हायची होती. पहिल्याच किलोमीटरला बागवाली उतरली आणि ओळीत शिरली.

"अगं, मांडव कुठाय?"

मांडव नव्हताच. वेली कमरेएवढ्या, दोन ओळींत जेमतेम एक मीटर. हेक्टरी दहा हजार वेली, असं पुस्तिकेत होतं. तिच्याकडे दोन ओळींत आठ-नऊ फूट. यातून ट्रॅक्टर जातो कसा, हे ती विचारते आहे तोवर तो आलाच. उंटासारखा उंच, दोन्हीकडची चाकं वेगवेगळ्या ओळींत आणि पोटाखालून वेली. तिने माझा कॅमेरा हिसकावून त्याचे अकरा फोटो काढले. ओतेल-द्यूचा तिच्याकडे एक आहे.

मग ठिबकची नळी शोधली. तीही नाही. टाइमटेबलने वाचून सांगितलं की इथे वाइनच्या नियमांत पाणी द्यायलाच बंदी आहे. बागवालीने ते वाक्य तीनदा म्हणायला लावलं. जिने बोअर मारण्यात काय काय घालवलं, ते तिलाच माहीत. तिला सांगायचं, पाण्याला बंदी! मुळं खोल जावीत, चव मातीतून यावी म्हणून, असं टाइमटेबल समजावत होती. बागवाली वाकून घडाला आलेला बारीक फुलोरा हुंगत होती. मीही हुंगला. वास इतका हलका, की वाकलं नाही तर कळूच नये.

त्या दिवशी दोनच गावं झाली. प्रत्येक तुकड्याला नाव होतं आणि प्रत्येक नावाशी ती थांबत होती. मठातल्या साधूंनी आणि शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चाखून चाखून इथली जमीन बारीक तुकड्यांत वाटली आहे. त्यांना क्लिमा म्हणतात. असे 1247 क्लिमा 2015 साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. नकाशा पसरून टाइमटेबल अर्थ सांगू लागली. ग्रेव्ह म्हणजे मुरमाड. क्लो दे मूश म्हणजे मधमाश्यांचं कुंपण. मोंराशे, जिथल्या एका बाटलीच्या किमतीत आमची चौघींची विमानाची तिकिटं निघावीत, त्याचा अर्थ बोडका डोंगर. आणि एकाचं नाव चक्क 'प्रेमात पडलेल्या'.

"आमच्याकडे पण आहेत की," बागवाली म्हणाली. "बोरीचं, विहिरीचं, थोरली पट्टी, म्हातारीचं." सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावाचा रकाना असतो, तिचा कोराच आहे. कागदावर फक्त गट नंबर. क्लो द वूजो नावाच्या मळ्याची हकिगत मात्र तिला फार आवडली. एका दगडी भिंतीत पन्नास हेक्टर आणि मालक ऐंशीच्या आसपास. पूर्वी सगळं साधूंचं, राज्यक्रांतीत सरकारजमा होऊन विकलं गेलं आणि पुढे विक्र्या नि वाटण्यांत तुकडे पडत गेले. "भाऊबंदकी इथंही आहे म्हणायची," ती म्हणाली आणि तिला एकदम घरच्यासारखं वाटू लागलं.

व्होल्नेत एका वाइनवाल्याच्या तळघरात गेलो. थंडगार, ओल्या दगडाचा वास. त्याने थेंब थेंब ओतून सहा ग्लास पुढे केले आणि शेजारी एक भांडं ठेवलं. चव घ्यायची आणि त्यात थुंकायचं. पिकदाणीच ती. पैसे मोजून घेतलेलं थुंकायला आमच्यापैकी एकीचंही मन होईना. चौथ्या ग्लासानंतर टाइमटेबलचं फ्रेंच भलतंच सुधारलं.

बागवाली पीत नव्हती. ती दारातल्या कोनाड्यातल्या निळसर डागांकडे बघत होती. तिने बोट दाखवून विचारलं, "बोर्डो?"

वाइनवाला दचकला. "बुयी बोर्देलेज!" मग दोघं जे सुटले ते आम्हाला विसरूनच. मोरचूद आणि चुना, वेलींवर फवारायचं औषध. ज्या बुरशीवर ते मारतात तिला हा म्हणे मिल्दियू, ती म्हणे डावणी. बोटांवर प्रमाणं, हातवाऱ्यांनी पाऊस. निफाडपासून सांगलीपर्यंत बागाईतदार रोज ज्याला बोर्डो म्हणतात ते बोर्दो हे फ्रान्समधलं गाव आहे, हे मला त्या तळघरात कळलं. तिकडच्या मेदोकमध्ये वाटसरूंनी रस्त्याकडेची द्राक्षं तोडू नयेत म्हणून शेतकरी वेलींवर मोरचूद-चुन्याचं पाणी शिंपडायचे. 1882 मध्ये मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींची पानं टिकली आहेत. तीन वर्षांनी त्याने ते प्रसिद्ध केलं. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला.

वाइनवाल्याने मागच्या फळीवरून बिनलेबलाची एक बाटली काढली आणि फक्त तिच्यासाठी ओतली. आता नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. तिने घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटले. आम्ही श्वास रोखून.

"गोडी कमी आहे," ती म्हणाली. "तोडणी आठ दिवस आधी केलीय त्यांनी."

टाइमटेबलने ते भाषांतरित केलं की 'फारच छान' म्हणाली, मला माहीत नाही. तो खूश दिसला खरा. त्या रात्री खोलीत एपोआस नावाचं चीज कापलं. द्राक्षाच्या चोथ्याच्या ब्रँडीने धुवून मुरवतात ते. वासामुळे शाकाहारीने ते डबीसकट खिडकीबाहेर ठेवलं आणि मग आम्ही तिघी खिडकीत उभ्या राहून चमच्याने खाल्लं.

ऑक्टोबरात तिचा सातबाऱ्याचा फोटो आमच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, तलाठ्याला विचारते, नाव घालता येतं का. सुचवा. आम्ही तिघी तुटून पडलो. प्रेमात पडलेल्या, बोडका डोंगर, सातवं गुजेर, काय काय. दुपार गेली, तिचा पत्ता नाही. संध्याकाळी सात वाजता उत्तर आलं: बोर्डो मारत होतो. काय म्हणत होतात?