क्रियापद शेवटी पळत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जर्मन शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारलाय. जर्मनीत नर्सिंगला जायचं म्हणून ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पायरीच्या, वर्गात बसलेल्या मुलींनी, म्युनिकला नातवंडं असलेल्या आजोबांनी, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावरून: "साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागी ठेवायचं म्हणता, मग त्याचा उरलेला तुकडा शेवटी का पळतो?"

तो पळत नाही. शेवट ही त्याची मूळचीच जागा. जागा सोडतो तो पुढे आलेला तुकडा. मराठी माणसाला हे चटकन कळायला हवं, पण आपण जर्मन शिकतो इंग्रजीतून, आणि घोळ तिथे होतो.

जर्मन माणूस एखादी क्रिया नुसती सांगतो तेव्हा म्हणतो, "मॉर्गन मिट डेम त्सूग नाख बेर्लीन फारेन." उद्या ट्रेनने बर्लिनला जाणे. क्रम जसाच्या तसा. इंग्रजीत मात्र सगळं उलटं: आधी जाणं, मग बर्लिन, मग ट्रेन, सगळ्यात शेवटी उद्या. वर्गांत 'टे-का-मो-लो' घोकून घेतात, म्हणजे आधी वेळ, मग कारण, मग रीत, मग ठिकाण. मनात मराठी वाक्य जुळवणाऱ्याला ते बहुतेक वेळा घोकावंच लागत नाही.

आता यालाच 'कारण' जोडा. "वाइल इश मॉर्गन मिट डेम त्सूग नाख बेर्लीन फारेन विल." कारण मला उद्या ट्रेनने बर्लिनला जायचंय. 'फारेन' आधी, 'विल' नंतर. आपलं 'जायचं' आधी, 'आहे' नंतर. गौणवाक्यात जर्मन अशी आपल्या वळणावर येते. मुख्य विधान करताना यातला एकच तुकडा उचलायचा, ज्याला कर्त्याप्रमाणे प्रत्यय लागतो तो, आणि दुसऱ्या जागी आणून ठेवायचा: "इश विल मॉर्गन मिट डेम त्सूग नाख बेर्लीन फारेन." बाकी काही हललेलं नाही.

गैरसमजाची सुरुवात पहिल्याच धड्यात होते. तिथे असतं "इश फारे नाख बेर्लीन". क्रियापद एकच, तेच पुढे गेलं, शेवट रिकामा. दिसायला थेट इंग्रजी! मग तिसऱ्या-चौथ्या धड्यात फोन करणे, म्हणजे 'आनरूफेन', येतं आणि "इश रूफे डिश मॉर्गन आन" (मी तुला उद्या फोन करते) ऐकून वर्ग हवालदिल होतो. 'रूफे' पुढे गेलं, 'आन' घरीच राहिलं. हा मागे राहिलेला 'आन'च सांगतो की क्रियापद मुळात कुठलं रहिवासी आहे. भाषाशास्त्रज्ञ एमन बाख यांनी 1962 मध्ये आणि मानफ्रेड बीरविश यांनी 1963 मध्ये जर्मनचा मूळ क्रम क्रियापदान्त मानला, तो अशाच पुराव्यांवर. जर्मन घरातली बोबडी मुलंसुद्धा प्रत्यय न लागलेलं क्रियापद सहसा शेवटी टाकतात आणि प्रत्यय लागलेलं पुढे आणतात. त्यांना टे-का-मो-लो कुणी शिकवलेलं नसतं.

दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे, हेही सांगून ठेवते. जर्मन अभ्यासक एरिख ड्राख यांनी 1937 मध्ये जर्मन वाक्याची क्षेत्रं पाडून दाखवली. क्रियापदाच्या आधीचं ते फोरफेल्ड, आणि तिथे एकच घटक बसतो, मग तो एका शब्दाचा असो की दहा शब्दांचा. 'उंड' (आणि) आणि 'आबर' (पण) यांना त्या मोजणीत धरत नाहीत. 'उद्या'ने सुरुवात केलीत तर 'मी' क्रियापदाच्या मागे: "मॉर्गन फारे इश". आपली मुलं हमखास "मॉर्गन इश फारे" म्हणतात, आणि याचा दोष मात्र मराठीकडेही जातो, कारण आपल्याकडे 'उद्या मी' बिनदिक्कत चालतं.

फोरफेल्डमध्ये कर्ताच हवा असंही नाही. "डेन हुंड बाइस्ट डेअर मान" या वाक्यात चावणारा माणूस आहे आणि चावा कुत्र्याला बसलाय. 'डेन' हे कर्म दाखवतं, आपल्या 'ला'सारखं. स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी नामांत कर्ता आणि कर्म दिसायला सारखेच, त्यामुळे तिथे संदर्भावर भागवावं लागतं.

एवढा खटाटोप कशाला? क्रियापदाच्या जागेवरून ऐकणाऱ्याला वाक्याची जात कळते. पहिल्या जागी असलं तर बहुधा प्रश्न किंवा आज्ञा, दुसऱ्या जागी असलं तर विधान (किंवा 'कोण-कुठे'चा प्रश्न), शेवटी असलं तर गौणवाक्य. आपण हे काम 'का', 'की' आणि सुरावर सोपवतो. अपवाद आहेत, आणि गोड आहेत. विनोद सांगताना जर्मन माणूस "कॉम्ट आइन मान त्सुम आर्त्स्ट" अशी क्रियापदानेच सुरुवात करतो. एक माणूस डॉक्टरकडे जातो, हे विधानच, तरी क्रियापद पहिलं. आणि "डू कॉम्स्ट मॉर्गन?" हा विधानाच्या क्रमातला प्रश्न, 'उद्या येतोयस ना?' असा खात्री करून घेणारा.

ही दुसरी जागा आली कुठून, यावर भाषाशास्त्रज्ञ याकोब वाकरनागेल यांचं 1892 चं म्हणणं मला फार आवडतं, सगळ्यांना पटलेलं नसलं तरी. जर्मन आणि संस्कृत ज्या कुळातल्या, त्या कुळातल्या प्राचीन भाषांत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, नसलेले शब्द वाक्यात दुसऱ्या जागी येत. मुख्य वाक्यातलं क्रियापद तसंच निराघात, म्हणून तेही तिथे. पुरावा वैदिक संस्कृतातला. मुख्य वाक्यात क्रियापद निराघात, 'यद्'च्या (आपल्या 'जो-जे'च्या) वाक्यात साघात, हे पाणिनीने 'अष्टाध्यायी'च्या आठव्या अध्यायात नोंदवलंय. वेदात मात्र ते बहुधा शेवटीच राहिलं. क्रियापद दुसऱ्या जागी आणणारी आजची भारतीय भाषा बघायची तर काश्मिरी बघा.

आता 'वाइल'नंतर, म्हणजे 'कारण'नंतर, क्रियापद दुसऱ्या जागीही ऐकू येतं का, असं ज्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी. हो, बर्लिनच्या मेट्रोत तुम्हाला "वाइल इश हाब काइने त्साइट" (कारण मला वेळ नाही) ऐकू येईल, क्रियापद दुसऱ्या जागी, मुख्य वाक्य असल्यासारखं. बोलताना सर्रास चालतं. बी-वनच्या, म्हणजे मधल्या पायरीच्या, पेपरात लिहिलंत तर मार्क जातील.