पाच टक्के, पण कशाचे? सोर्सिंग एजंटच्या फीचा माझा अनुभव

गेल्या वर्षी पहिल्यांदाच चीनमधून माल मागवला, घडीचे एलईडी टेबल लॅम्प, 2000 नग. शिपिंग, कस्टम्स, माल फुटून येईल का, या सगळ्याचं टेन्शन घेतलं होतं आणि ते सगळं सरळ पार पडलं, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. जीव खाल्ला तो सोर्सिंग एजंटच्या, म्हणजे तिथे आपल्यासाठी फॅक्टरी शोधून माल घेऊन देणाऱ्या मध्यस्थाच्या फीने. ती जास्त होती असंही नाही, ती नक्की किती आहे हे कळायलाच मला 19 दिवस लागले, आणि तो राग अजून गेलेला नाही.

एजंट घ्यायचं कारण साधं. 1688 सारख्या चिनी घाऊक खरेदीच्या साइटवर सगळं चिनीमध्ये, फॅक्टरीवाले छोट्या ऑर्डरला नीट उत्तर देत नाहीत, आणि माल निघायच्या आधी तिथे जाऊन बघणारं आपलं कुणीतरी हवं. तीन जणांना विचारलं. पहिला म्हणाला 5 टक्के कमिशन, बाकी काही नाही, इन्स्पेक्शन फ्री. दुसरा म्हणाला 8 टक्के आणि ऑर्डर कितीही छोटी असली तरी किमान 500 डॉलर. तिसऱ्याची फिक्स फी होती, फॅक्टरी शोधून द्यायचे 400 डॉलर आणि पुढे सॅम्पल, इन्स्पेक्शन, फॉलोअप प्रत्येकाचे वेगळे. मी 5 टक्केवाला घेतला, आकडा सगळ्यात लहान होता म्हणून.

सॅम्पल आलं, छान होतं. मग पीआय आला, म्हणजे प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, पैसे भरण्याआधीचं कच्चं बिल. एक्स वर्क्स, म्हणजे वाहतूक सोडून फॅक्टरीच्या दारातला, दर 4.90 डॉलर, 2000 नगांचे 9800, त्यावर 5 टक्के म्हणजे 490. सगळं एजंटच्या लेटरहेडवर, फॅक्टरीचं नाव कुठेच नाही. मी एकच प्रश्न विचारला, हे 5 टक्के फॅक्टरीच्या दरावर आहेत की तुम्ही लावलेल्या दरावर, आणि फॅक्टरीचा स्वतःचा पीआय पाठवता का.

तिथून सुरू झालं. पहिले तीन दिवस उत्तरच नाही, एरवी हा माणूस पाच मिनिटांत रिप्लाय द्यायचा. मग आलं की "आमचाच दर फॅक्टरीचा दर आहे". ठीक आहे, मग कागद पाठवा. मग म्हणे फॅक्टरी परदेशी गिऱ्हाइकाला इन्व्हॉइस देत नाही, त्यांच्याकडे एक्स्पोर्ट लायसन्स नाही. आता छोट्या फॅक्टरीच्या बाबतीत हे खरंही असतं, त्या दुसऱ्या कंपनीच्या नावाने निर्यात करतात, पण मी निर्यातीचा कागद मागतच नव्हते, फॅक्टरीने एजंटला दिलेला दर दाखवा एवढंच म्हणत होते. मग आठव्या दिवशी एक फोटो आला, चिनी कागदाचा, वरचा नावाचा भाग कापलेला, दराच्या कॉलमवर बोटाची सावली. मी नीट फोटो मागितला तर 1 ऑक्टोबरची सुट्टी लागली, तिकडे राष्ट्रीय दिनाची आठवडाभर सुट्टी असते, फॅक्टरी बंद, ऑफिस बंद. सुट्टी खरीच होती, त्याबद्दल तक्रार नाही, पण सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मेसेज आला की आज 30 टक्के डिपॉझिट भरलं नाही तर सुट्टीनंतर दर वाढेल. हा मेसेज वाचून मात्र मी ठरवलं की आता कागद हातात आल्याशिवाय एक पैसा हलणार नाही.

सुट्टीच्या त्या आठवड्यात मी सॅम्पल उलटं करून बघितलं. तळाशी बारीक स्टिकर होता, त्यावर मॉडेल नंबर. तो नंबर, फोटो आणि मापं मी त्या 8 टक्केवाल्या एजंटला पाठवली. सुट्टी संपल्यावर दोन दिवसांत त्याने त्याच फॅक्टरीचा पीआय पाठवला, फॅक्टरीचं नाव, पत्ता, खाली लाल गोल शिक्का, तोच मॉडेल नंबर, तेवढेच 2000 नग, तोच एक्स वर्क्स. दर 4.20.

मग हिशोब मांडला. 4.20 ने 2000 नगांचे 8400. पहिल्याच्या दरात 1400 आधीच घातलेले आणि वर 490 कमिशन, म्हणजे 1890. फॅक्टरीच्या दरावर ते साडेबावीस टक्के होतात. 8 टक्केवाल्याचे झाले 672. मी कागद दाखवून विचारलं तेव्हा पहिला म्हणाला, त्यात क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी, आणि आमची सर्व्हिस धरलेली आहे. अरे मग आधी सांगायचं ना! साडेबावीस टक्के घेणं हा गुन्हा नाही, कमी नगांच्या किचकट मालाला तेवढे द्यावेही लागत असतील, पण 5 म्हणून 22 घ्यायचे आणि विचारलं की सुट्टी पुढे करायची हे मला अजून पटत नाही. मी तिथेच थांबले आणि दुसऱ्याकडे गेले.

आता कुठल्याही एजंटला मी नुसते टक्के विचारतच नाही, कशावर टक्के ते विचारते. नुसत्या मालावर, की कार्टन, फॅक्टरी ते पोर्ट ट्रक, समुद्राचं भाडं या सगळ्याच्या बेरजेवर? डीडीपी म्हणजे ड्युटीसकट दारापर्यंतचा एकच आकडा घेतलात तर आत काय काय आहे ते कळायला मार्गच राहत नाही. आणि दर युआनमध्येही मागा, कारण फॅक्टरीचा दर युआनमध्ये असतो आणि डॉलर करताना एजंट स्वतःचा रेट लावू शकतो, त्या दिवसाचा रेट बघून ताडून बघता येतं.

फिक्स फीवाल्याला मी तेव्हा सोडलं, पण त्याच्या पद्धतीत एक बरं होतं. टक्केवारीत माल महाग झाला की एजंटचे पैसे वाढतात, मग तो घासाघीस कशाला करेल. फिक्समध्ये तसं नाही. पण फिक्समध्ये फॅक्टरीची यादी हातात दिली की त्याचं काम संपलं, पुढे मालाची काळजी तुमची. आणि दोन्ही पद्धतींत फॅक्टरीकडून गुपचूप कमिशन घेता येतंच, म्हणून करारात एक ओळ टाका की सप्लायरकडून काही मिळालं तर ते मला सांगायचं आणि बिलातून वजा करायचं. मी टाकली, दुसऱ्याने सही केली. त्या सहीनेच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

फ्री इन्स्पेक्शनचं सांगायचं राहिलं. पहिल्याला विचारलं होतं फ्रीमध्ये काय, तर म्हणे फोटो पाठवू. दुसऱ्याने इन्स्पेक्शनचे वेगळे पैसे घेतले, पण किती नग तपासायचे ते ठरवणाऱ्या आयएसओ 2859-1 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्याप्रमाणे, 2000 नगांच्या लॉटला नेहमीच्या लेव्हल 2 वर 125 नग उघडून बघितले. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल, म्हणजे दोषांची चालवून घ्यायची मर्यादा, 2.5 धरलं की 7 पर्यंत सदोष नग चालतात, 8 वा निघाला की लॉट नापास. आमचे 4 निघाले. बाकीचे 70 टक्के मी हा रिपोर्ट वाचूनच भरले, तेही फॅक्टरीच्या खात्यात, खात्याचं नाव बिझनेस लायसन्सशी जुळवून. तिकडच्या लायसन्सवर 18 अंकी-अक्षरी कोड असतो, तो सरकारी साइटवर टाकून बघता येतो, त्यासाठी एजंटवर अवलंबून राहायला नको.

कस्टम्सच्या वेळी अजून एक कळलं आणि आधी माहीत असतं तर पहिल्या दिवसापासून कमिशनचं बिल वेगळंच मागितलं असतं. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन करारात, आणि बरेच देश तेच पाळतात, खरेदीदाराने आपल्या वतीने काम करणाऱ्या एजंटला दिलेलं खरेदी कमिशन ज्या किमतीवर ड्युटी लागते तिच्यात धरत नाहीत, विक्रेत्याच्या एजंटचं मात्र धरतात. म्हणजे 672 चं वेगळं बिल आणि सोबत एजंटचा करार असेल तर त्यावर ड्युटी नाही, पण दरात लपवलेले ते 1400 मालाचीच किंमत म्हणून गेले असते आणि त्यावर मी ड्युटीही भरली असती. तुमच्या कस्टम्स ब्रोकरला हे आधीच विचारून ठेवा, कागद मागाहून जुळवत बसायला लागत नाहीत.

आणि सॅम्पलचे पैसे. पहिल्याला सॅम्पल आणि सोर्सिंग मिळून 150 डॉलर दिले होते, ऑर्डरमध्ये वळते होतील म्हणाला होता, ऑर्डर दिली नाही म्हणून ते गेले. हे "वळते होतील" कुठल्या तारखेपर्यंत आणि किती नगांच्या ऑर्डरवर, ते पैसे देण्याआधी लिहून घ्या. दुसऱ्या ऑर्डरच्या वेळी मी तेच सगळ्यात आधी लिहून घेतलं, फॅक्टरीचा पीआय त्याच दिवशी संध्याकाळी आला.