केमिस्ट्रीसाठी कोणतं सॉफ्टवेअर टाकू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर वर्षी नवी बॅच येते आणि प्रश्न तोच असतो: "मॅडम, केमिस्ट्रीसाठी लॅपटॉपवर काय टाकू?" विचारणाऱ्याला एकच नाव हवं असतं आणि मी तिथेच अडखळते. कारण मी स्वतः दिवसातून सगळ्यात जास्त वेळा जे उघडते ते सॉफ्टवेअर नाहीच. ती पबकेम नावाची साइट आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2004 साली सुरू केलेली, पूर्ण मोफत, दहा कोटींहून जास्त संयुगांच्या नोंदी असलेली.

तिचं मोल मला कळलं ते विद्यार्थिदशेतल्या एका फजितीमुळे. कॉपर सल्फेटचं 0.1 मोलर द्रावण करायचं होतं. शेजारणीच्या वहीतून रेणुभार उतरवला, 159.6. छान निळे स्फटिक 15.96 ग्रॅम तोलले, एक लिटर द्रावण केलं आणि आयोडोमेट्रीला बसले, म्हणजे सुटं झालेलं आयोडीन मोजून तांबं किती ते काढायला. त्यासाठीचा हायपोही (सोडियम थायोसल्फेट) 0.1 मोलरच, त्यामुळे 25 मिली द्रावणाला ब्युरेटचं रीडिंग 25 च्या आसपास यायला हवं. स्टार्चचा निळा रंग 16 वरच उडाला. तीनदा केलं, तीनदा 16. हायपो खराब असेल म्हणून तो पुन्हा केला, पिपेट बदललं, स्टार्च ताजा उकळला. पुन्हा 16.

चूक तराजूपर्यंत जायच्या आधीच झाली होती. 159.6 हा निर्जल, पांढऱ्या भुकटीचा भार. निळ्या मोरचुदात स्फटिकजलाचे पाच रेणू असतात, त्याचा भार 249.7. म्हणजे माझं द्रावण 0.064 मोलरचं होतं आणि ब्युरेट बिचारी खरं तेच सांगत होती.

आज हीच दोन नावं पबकेमवर टाका, दोन वेगळ्या नोंदी समोर येतात. त्याहून पक्की खूण म्हणजे कॅस नंबर, प्रत्येक रसायनाला दिलेला स्वतंत्र ओळख क्रमांक. निर्जलचा 7758-98-7, मोरचुदाचा 7758-99-8. रसायनाच्या बाटलीवर बहुधा तो छापलेला असतो आणि त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. नावाऐवजी तो नंबर शोधा. उतरवताना चुकलात तर तेही पकडता येतं, कारण शेवटचा अंक नुसता पडताळणीचा असतो. पाण्याचा नंबर 7732-18-5 घ्या. शेवटचा 5 बाजूला ठेवा आणि उरलेल्या अंकांना उजवीकडून 1, 2, 3 असं गुणत जा: 8, 2, 6, 12, 35, 42. बेरीज 105, एकक स्थानी 5. जुळलं.

आता रचना काढण्याबद्दल. केमड्रॉ उत्तम आहे, पण पैसे पडतात; कॉलेजकडे लायसन्स असेल तर जरूर वापरा. नाहीतर केमस्केच शिकण्यासाठी मोफत मिळतं आणि जर्नल लिहायला पुरून उरतं. या सगळ्यांत एक बटण असतं, रचनेला आपोआप नाव देणारं. पहिले काही महिने त्याला हात लावू नका. नाव आधी कागदावर लिहा, मग बटण दाबा. उलट केलंत तर परीक्षेत बटण नसतं.

अवोगाड्रो मात्र आजच टाका. रेणू त्रिमितीत बांधून बघायचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि रेणू बोटाखाली फिरतो. त्यात एक गंमत करून बघा. सायक्लोहेक्झेनचं कडं हाताने वेडंवाकडं, नावेसारखं ओढा आणि ऑप्टिमाइझ करा, म्हणजे कमी ऊर्जेचा आकार शोधायला सांगा. तुमची अपेक्षा असते की चेअर, म्हणजे खुर्चीसारखा सगळ्यात स्थिर आकार मिळेल. बऱ्याचदा मिळते ती ट्विस्ट-बोट, म्हणजे पिळलेली नाव, आणि प्रोग्रॅम खुशाल सांगतो की काम झालं. तो लबाडी करत नसतो. तो फक्त ऊर्जेच्या उतारावरून खाली येतो आणि पहिला खड्डा लागला की थांबतो. पलीकडे त्याहून खोल खड्डा आहे हे त्याला दिसत नाही. आता एक कार्बन पकडून पलीकडे ओढा, पुन्हा ऑप्टिमाइझ करा आणि ऊर्जा ताडून बघा. चेअर आणि ट्विस्ट-बोटमधला फरक मोलमागे साधारण 23 किलोज्यूल. फळ्यावर मी हा आलेख कितीदा तरी काढलाय, पण मुलांच्या चेहऱ्यावर "अच्छा!" उमटतं ते इथे.

स्पेक्ट्रासाठी, म्हणजे रेणू ओळखायला वापरतात त्या आलेखांसाठी, जपानची एसडीबीएस ही साइट. तिथे आयआर (अवरक्त), एनएमआर (चुंबकीय अनुनाद), मास (वस्तुमान) असे प्रत्यक्ष नोंदलेले स्पेक्ट्रा असतात. सॉफ्टवेअर जे एनएमआर "भाकीत" करतं ते अंदाजापुरतं, रिपोर्टमध्ये डकवण्यापुरतं नव्हे. निस्ट या अमेरिकन संस्थेचं वेबबुकही मला आवडतं, फक्त आयआर बघताना वर काय लिहिलंय ते वाचा. इथेनॉलचा वायुरूपातला स्पेक्ट्रम उघडलात तर ओएच गटाचा तो ओळखीचा 3300 सेमी⁻¹ च्या आसपासचा रुंद फुगवटा गायब, आणि 3670 जवळ एक बारीक शिखर. एका मुलीने हा स्पेक्ट्रम दाखवून मला विचारलं होतं, "मॅडम, साइट चुकलीय का?" साइट बरोबर होती. वायूत रेणू एकमेकांपासून लांब, हायड्रोजन बंध जवळजवळ नाहीतच, मग फुगवटा कुठून येणार? त्या दिवशीचा तास ठरलेला विषय सोडून यावरच गेला.

ओर्कासारखी क्वांटम केमिस्ट्रीची (रेणूंचे गुणधर्म गणिताने काढणारी) सॉफ्टवेअर शैक्षणिक वापरासाठी मोफत आहेत म्हणून लगेच उतरवू नका. बेसिस सेट म्हणजे काय हे शिकेपर्यंत त्यातून निघणारे आकडे तुमच्या काही कामाचे नाहीत, नुसता लॅपटॉप तापेल.

आणि लॅपटॉपच नसेल तर मोलव्ह्यू बघा, ब्राउझरमध्येच चालतं. फोनवर बोटाने बेंझीन काढायच्या भानगडीत मात्र पडू नका, एखादा बंध हमखास निसटतो. वरच्या चौकटीत नाव टाइप करा, रेणू आपला आपण येतो.